आपलं विमान कुठल्या फलाटावर?

दोस्तांनो, एस.टी. स्टँडवर तुम्ही कधी ना कधी उभे राहिलाच असाल. कर्ण्यातून आवाज येतो, "...फलाट क्रमांक सातवर लागलेली आहे!" की सगळी मंडळी पिशव्या, वळकट्या, लहान पोरं सावरत सातकडे धावतात. आवाज नीट ऐकू आला नाही तरी फारसं बिघडत नाही. मान जरा वळवली की गाडीच्या कपाळावरची पाटी दिसते. खिडकीतल्या साहेबांना विचारता येतं. आणि काहीच नाही तर कंडक्टर दाराशी उभा राहून "सातारा, सातारा, सातारा!" असं ओरडतच असतो.

विमानतळावर यातलं काहीही नसतं. विमानाच्या कपाळावर पाटी नसते, कारण सकाळी दिल्लीला गेलेलं विमान दुपारी कोलकात्याला जातं. बाहेर बघावं तर एकाच रंगाच्या शेपट्या ओळीनं उभ्या. त्यातली आपली कोणती? दारात उभं राहून ओरडणारंही कुणी नाही. उलट मुंबईसह आपल्या अनेक मोठ्या विमानतळांवर नेहमीच्या बोर्डिंगच्या घोषणा आता होतच नाहीत. त्याला 'सायलेंट एअरपोर्ट' म्हणतात. कानांना बरं वाटतं, पण डोळे उघडे ठेवावे लागतात.

हे मी अनुभवाने सांगतोय बरं का! गेल्या मे महिन्यात मी आणि माझी सातवीतली भाची चेन्नईला निघालो होतो. विमानतळाचं नाव सांगत नाही, कारण चूक त्याची नव्हती, माझी होती. बोर्डिंग पासवर गेट नंबर छापलेला होता. आम्ही त्या गेटसमोर ऐटीत जाऊन बसलो. हाताशी चांगला तासभर होता. मी पुस्तक काढलं. मोबाइलची बॅटरी संपत आली होती म्हणून तो बंद करून ठेवला होता. आपण वेळेवर आलोय, योग्य जागी बसलोय, अशी माझी अगदी खात्री होती.

थोड्या वेळाने भाची म्हणाली, "मामा, चेन्नईला मे महिन्यात थंडी असते का रे?"

"छे गं! भाजून निघतो माणूस."

"मग ही समोरची माणसं स्वेटर हातात घेऊन का बसलीयेत?"

मी वर पाहिलं. गेटच्या वरच्या पडद्यावर लिहिलं होतं: श्रीनगर.

पुढे काय झालं ते सांगतो, पण जरा थांबा. त्याआधी एक प्रश्न. विमानतळ इतके लांबच लांब का असतात, याचा विचार केलाय कधी?

माणसं पुष्कळ असतात म्हणून, असं तुम्ही म्हणाल. पण गर्दीच म्हणाल तर दादरच्या रेल्वे स्टेशनातही ती काही कमी नसते, तरी ते तेवढ्याशा जागेत मावतं! खरं कारण विमानाचे पंख. एस.टी.ची बस साधारण अडीच मीटर रुंद. दहा बसगाड्या शेजारी शेजारी लावल्या, मधे माणसं चढायला जागा सोडली, तरी चाळीस मीटरमध्ये काम भागतं. आता विमान घ्या. आपल्याकडे मुंबई-दिल्ली, पुणे-बंगळुरू असं सर्रास उडणारं एअरबस ए-३२० हे तसं लहानच म्हणायचं. पण त्याच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर जवळजवळ ३६ मीटर! परदेशी जाणारं बोइंग ७७७-३००ईआर तर ६४.८ मीटर. दोन विमानांचे पंख एकमेकांना लागू नयेत म्हणून मधे जागा सोडावी लागते. लहान विमानांना निदान साडेचार मीटर, मोठ्यांना साडेसात. करा हिशोब. दहा मोठी विमानं ओळीने उभी करायची तर सव्वासातशे मीटर लागले की नाही? बॅग ओढत, रेंगाळत चालणाऱ्या माणसाला तेवढ्याला दहा मिनिटं सहज लागतात.

म्हणून विमानतळ बांधणारे एक युक्ती करतात. मुख्य इमारत म्हणजे झाडाचं खोड, आणि तिच्यातून लांब फांद्या काढायच्या. प्रत्येक फांदीच्या दोन्ही बाजूंना विमानं उभी राहतात, त्यामुळे लांबी निम्मी होते. या फांद्यांना कुठे 'पिअर' म्हणतात, कुठे 'कॉन्कोर्स'. मुंबईचं टर्मिनल-२, जे २०१४ साली सुरू झालं, ते आकाशातून इंग्रजी 'एक्स' अक्षरासारखं दिसतं. खोड मधे, फांद्या चार. काही ठिकाणी तर फांदी झाडापासून तुटून लांब जाऊन उभी असते, आणि तिथे जायला जमिनीखालून आगगाडी! लंडनच्या हीथ्रोचं टर्मिनल-५ असंच आहे. 'ए' गेट मुख्य इमारतीत, 'बी' आणि 'सी' पलीकडच्या इमारतींत. ते २००८ साली सुरू झालं.

पंखांवरून आठवलं. बोइंगने ७७७-एक्स नावाचं नवं विमान तयार केलंय. जानेवारी २०२० मध्ये ते पहिल्यांदा उडालं. त्याचे पंख ७१.८ मीटर. म्हणजे उडताना झकास, पण नेहमीच्या गेटवर मावायचे नाहीत. मग काय केलं असेल त्यांनी? पंखांची टोकं चक्क घडीची केली! जमिनीवर उतरलं की दोन्ही टोकं वर उभी राहतात आणि पंख पुन्हा ६४.८ मीटर होतात. गेटसाठी विमानाने अंग चोरून घ्यायचं, हे मला तरी फार आवडलं. उलट ए-३८० हे दुमजली विमान जवळजवळ ८० मीटर पंखांचं. ते अंग चोरत नाही, त्याच्यासाठी गेटच वेगळी बांधावी लागतात. दुबईच्या टर्मिनल-३ मधलं कॉन्कोर्स-ए, २०१३ साली सुरू झालेलं, मुद्दाम याच विमानासाठी बांधलेलं.

म्हणजे कुठलंही विमान कुठल्याही गेटवर लावता येत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मोठ्याला मोठी जागा हवी. मोठ्या जागेत एकाऐवजी दोन लहान विमानं लावता येतात, म्हणून काही ठिकाणी एकाच नंबराची 'ए' आणि 'बी' अशी दोन गेटं दिसतात. परदेशातून आलेल्या विमानातली माणसं इमिग्रेशनकडे गेली पाहिजेत, ती देशातल्या प्रवाशांत मिसळून चालत नाही. ही सगळी जुळणी करायला विमानतळावर माणसं बसलेली असतात, कॉम्प्युटर असतात, दिवसभराचं वेळापत्रक आखलेलं असतं. आणि मग धुक्यामुळे एक विमान चाळीस मिनिटं उशिरा येतं, की सगळी पंगत विस्कटते! आधीचं विमान पानावरून उठलंच नाही, तर पुढच्याला बसवायचं कुठे? दुसऱ्या पानावर. ह्यालाच 'गेट चेंज' म्हणतात. आमच्या चेन्नईच्या विमानाचं नेमकं हेच झालं होतं.

बोर्डिंग पासवर गेट नंबर छापलेला असतो तो पास छापला त्या क्षणाचा. कधी कधी ती जागा मोकळीच असते. हीथ्रोसारख्या ठिकाणी तर गेट बऱ्याच उशिरा जाहीर होतं. तोवर प्रवाशांनी मधल्या मोठ्या हॉलमध्ये थांबायचं. (तिथे दुकानं खूप असतात. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही!)

मग खरं गेट कळणार कसं? पडद्यावरून. पण पडदा वाचायचीही एक रीत आहे. गावाचं नाव शोधू नका. एकाच तासात दिल्लीची पाच-सहा विमानं असू शकतात. शोधायचा तो फ्लाइट नंबर, म्हणजे दोन खुणा आणि पुढे तीन-चार आकडे. आधी वेळ बघा, कारण यादी वेळेप्रमाणे लावलेली असते, मग नंबर, मग गेट. आणखी एक गंमत. एका कंपनीच्या विमानाची तिकिटं दुसऱ्या कंपन्याही आपापल्या नंबराने विकतात तेव्हा त्याच विमानाला दोन-तीन नंबर असतात. पडद्यावर ते आळीपाळीने उमटतात. आपला नंबर दिसला नाही तर घाबरून जाऊ नका, जरा थांबा, तो येतो.

पासवर एक सापळाही आहे. समजा तुमची सीट '१४ सी' आहे. घाईघाईत पाहिलं तर ते 'सी १४' गेट वाटतं की नाही? चांगली शिकलीसवरलेली माणसं यात फसतात. म्हणून अक्षरं न वाचता आधी त्यावरचा मथळा वाचायचा: 'गेट', 'सीट', 'सीक्वेन्स'. शेवटचा आकडा म्हणजे चेक-इन करणाऱ्यांत तुमचा कितवा नंबर लागला तो. त्याचा गेटशी काहीएक संबंध नाही. तारीख, गाव, नंबर हे सगळं त्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या चौकोनातही दडलेलं असतं. त्यात तारीख कशी लिहितात माहीत आहे? वर्षातला कितवा दिवस, तो आकडा. १ फेब्रुवारी म्हणजे ०३२. तुमचा वाढदिवस त्या भाषेत किती येतो, बघा काढून.

आणि गावाची ती तीन अक्षरं! मुंबईचं नाव १९९५ साली अधिकृतपणे बदललं, पण विमानांच्या जगात ती अजून 'बीओएम', म्हणजे बॉम्बेच आहे. चेन्नई अजून मद्रासचं 'एमएए', रशियातलं सेंट पीटर्सबर्ग अजून लेनिनग्राडचं 'एलईडी'. गोव्याला जाताना मात्र ही अक्षरं अगदी डोळ्यांत तेल घालून वाचा. 'जीओआय' म्हणजे दाबोळी, आणि 'जीओएक्स' म्हणजे जानेवारी २०२३ पासून सुरू झालेलं मोपा. एक दक्षिणेला, एक पार उत्तरेला. चुकीच्या गेटवर गेलात तर धावता येतं, चुकीच्या विमानतळावर गेलात तर तेही नाही! मुंबईतसुद्धा टर्मिनल-१ आणि टर्मिनल-२ या धावपट्टीच्या एकाच कुंपणातल्या, पण रस्त्याने बऱ्याच लांबच्या दोन वेगळ्या इमारती आहेत. रिक्षावाल्याला नुसतं 'एअरपोर्ट' सांगून भागत नाही.

बरं, गेट कळलं. आता तिथपर्यंत जायचं कसं? पाट्या बघत. हो, पण त्या पाट्यांमागे केवढी डोकी खपली आहेत! हॉलंडमध्ये ॲम्स्टरडॅमचा स्किपोल विमानतळ आहे. तिथली नवी इमारत १९६७ साली उघडली तेव्हा बेन्नो विसिंग नावाच्या डिझायनरने ठरवलं, की विमानाकडे नेणाऱ्या पाट्या पिवळ्या करायच्या आणि त्यांवर काळी अक्षरं. बाकी सोयींच्या पाट्यांना रंग वेगळा. म्हणजे घाईतल्या माणसाने पिवळं तेवढं बघत सुटायचं, बाकीचं वाचायचंच नाही. आज निम्म्या जगाच्या विमानतळांवर ही पिवळी-काळी जोडी दिसते.

पॅरिसचा चार्ल्स द गॉल विमानतळ १९७४ साली सुरू झाला. तिथल्या पाट्यांसाठी ॲड्रियन फ्रूटिगर या स्विस माणसाने खास अक्षरं काढली. अट एकच: लांबून, तिरक्या कोनातून, चालता चालता वाचता आली पाहिजेत. ती अक्षरं इतकी छान उतरली की पुढे छापखान्यांतही गेली, आणि त्यांना त्याचंच नाव मिळालं. तुम्ही एक प्रयोग करून बघा. कागदावर इंग्रजीत ३, ८, ६ आणि ५ हे आकडे आणि 'एस' हे अक्षर काढा. भिंतीवर चिकटवा, वीस पावलं मागे जा आणि डोळे अर्धे मिटून वाचा. कुठला आकडा कुठल्यासारखा दिसतो? मग तो कुठे उघडा ठेवायचा, कुठे जाड करायचा, ते ठरवा. फ्रूटिगर हेच करत होता.

अमेरिकेतल्या अटलांटाची गंमत तर ऐकाच. तिथे फांद्यांना ए, बी, सी, डी अशी नावं, आणि त्यांना जोडणारी जमिनीखालची गाडी १९८० पासून धावते. गाडीत कुठली फांदी आली ते सांगतात. वैमानिकांच्या भाषेत 'ए' म्हणजे अल्फा, 'बी' ब्राव्हो, 'सी' चार्ली आणि 'डी' म्हणजे डेल्टा. पण अटलांटा हे 'डेल्टा' नावाच्या मोठ्या विमानकंपनीचं घर! 'डी, डेल्टाचा डी' असं म्हटलं असतं तर त्या कंपनीचे सगळेच प्रवासी तिथे उतरले असते. म्हणून त्या गाडीत 'डेव्हिडचा डी' असं म्हणतात.

आता आमच्याकडे येऊ. पडद्यावर श्रीनगर. आमचं गेट बदललं होतं. कधी बदललं, कुणास ठाऊक! पूर्वी मोठ्या स्टेशनांवर, विमानतळांवर पत्त्यांचे फलक असत. इटलीतल्या उदिने गावची सोलारी कंपनी ते बनवायची. गाडी बदलली की शेकडो पत्ते फडफडत उलटायचे, आणि कबुतरं उडाल्यासारखा तो आवाज ऐकून सगळा हॉल माना वर करायचा. आताचे पडदे गुपचूप बदलतात. पुस्तकात डोकं घालून बसलेल्या मामाला ते कसं कळणार? कंपनीने मोबाइलवर निरोप पाठवला होता, तो नंतर वाचला. मोबाइल बंद होता ना माझा!

भाची तोवर मोठ्या पडद्यापाशी जाऊन आलीसुद्धा. आमचं गेट दुसऱ्या फांदीच्या शेवटी होतं. उड्डाणाला पस्तीस मिनिटं होती.

तुम्ही म्हणाल, पस्तीस मिनिटं म्हणजे पुष्कळ की! इथेच गोम आहे. पासवरची सुटायची वेळ ही विमान आकाशात जायची वेळ नव्हे. त्या वेळी विमान गेटवरून हललेलं असतं. त्याआधी दारं बंद व्हायची, माणसं मोजायची, जिना किंवा पूल मागे घ्यायचा. म्हणून गेट त्याच्या साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं. आमच्या हातात खरी मिनिटं होती फार तर दहा-पंधरा.

"अरे, पण दोन माणसं राहिली तर थांबत का नाहीत?" असं मलाही लहानपणी वाटायचं. त्यामागे एक फार दुःखाची गोष्ट आहे. २३ जून १९८५ या दिवशी एअर इंडियाचं 'कनिष्क' हे विमान कॅनडाहून लंडनमार्गे दिल्लीला येत होतं. आयर्लंडजवळ समुद्रावर असताना सामानातल्या बॉम्बचा स्फोट झाला. ३२९ माणसं गेली. त्यात तुमच्याएवढी मुलंही होती. सुट्टीत आजी-आजोबांकडे निघालेली. ती बॅग ज्याच्या नावाने चढवली होती, तो प्रवासी स्वतः विमानात चढलाच नव्हता. त्यानंतर जगभर नियम कडक झाले. सामान दिलं आणि माणूस आलाच नाही, तर त्याची बॅग शोधून खाली उतरवल्याशिवाय विमान निघत नाही. शेकडो बॅगांच्या ढिगातून एक बॅग काढायची म्हणजे वेळ लागतो. म्हणून गेटवरची माणसं आधी तुम्हाला शोधत फिरतात, आणि मग एका ठरावीक मिनिटाला शोधणं थांबवून बॅग काढायला सांगतात.

आम्ही धावलो. सरकत्या पट्ट्यावर धावलो, त्याच्या बाहेर धावलो. एका ठिकाणी मी डावीकडे वळणार, तेवढ्यात भाचीने शर्ट ओढला. "मामा, ती पाटी टॉयलेटची आहे!" खरंच की! घाईत मी नुसता बाण पाहिला होता, बाणाशेजारचं चित्र पाहिलंच नव्हतं. पुढे तिने आणखी एक गोष्ट हेरली, जी मला इतक्या वर्षांत लक्षात आली नव्हती. डावीकडच्या गेटांचे आकडे सगळे सम होते, उजवीकडचे विषम. "आपलं विषम आहे, उजवीकडेच बघ!" सगळ्याच विमानतळांवर असं नसतं, पण चार गेटं ओलांडली की नंबर कुठल्या रीतीने चाललेत ते कळतं. ती रीत सापडली की अर्धी शोधाशोध वाचते.

गेटवरच्या ताईंनी आम्हाला लांबूनच पाहिलं असावं. त्या हात हलवत होत्या. "चेन्नई ना? दोघं? तुमचीच वाट!" त्यांनी पास मशीनखाली धरला, हिरवा दिवा लागला. मी पुढे निघालो, पण भाची तिथेच थांबली. मशीनचा दिवा लाल कधी लागतो, ते तिला हवं होतं. ताई हसल्या. "चुकीच्या गेटवर आलेल्याला."

मग तो पूल. पुलाला एरोब्रिज म्हणतात. लंडनच्या गॅटविकला १९३६ साली गोल इमारतीतून रुळांवर सरकणारे कापडी बोळ बाहेर काढायचे, विमानाच्या दारापर्यंत, म्हणजे पावसात कुणी भिजायला नको. ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी इमारत आजही उभी आहे. मला धाप लागली होती तरी हे सगळं मी भाचीला सांगू लागलो. तिचं लक्षच नव्हतं. पुलाच्या टोकाशी, विमानाच्या दारात, आणखी एक ताई प्रत्येकाचा पास पुन्हा बघत होत्या.

"इथे परत कशाला बघतात?" भाचीने विचारलं.

"कुणी श्रीनगरवाला चुकून चढला तर?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या हातातला पास तिने काढून घेतला, त्यावरचा नंबर एकदा वाचला, दारातल्या ताईंना विचारून खात्री करून घेतली, आणि दोन्ही पास स्वतःच्याच दप्तरात ठेवले. परतीच्या प्रवासातही ते तिच्याचकडे होते.